मापाला दिलेला नमुना

मित्रांनो, मी एक जुनी ऊती आहे. जुनी म्हणताना माझी मलाच शंका येते, कारण कातडीच्या रूपाने मी एका मुलीबरोबर जन्मले, म्हणजे तिच्याएवढी आहे, आणि हृदयाच्या रूपाने मी अजून वर्षाचीही नाही. सध्या माझा मुक्काम एका प्लॅस्टिकच्या बशीत, गुलाबी पाण्यात आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, नखाएवढी रुंद, आणि सतत धडधडणारी. उठताबसता धडधडते असे म्हणणार होते, पण मला उठता येत नाही आणि बसता तर त्याहून येत नाही.

आज तर मला मुळीच चैन नाही. आज दुपारी ती मुलगी येणार आहे. मी जिच्या दंडावरून निघाले ती. मला चालू ठेवायचे की थांबवायचे, आणि माझ्यापासून आणखी काय काय बनवायचे, हे ती सांगणार आहे. माझा जीव टांगणीला लागला आहे. नुसते वाट बघणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगून घेते.

तुमच्यातला एखादा चौकस लगेच विचारेल, तुला डोळे नाहीत, कान नाहीत, मग हे सगळे कळते कसे? बाळांनो, तुमच्या शाळेच्या वहीत फाटकी छत्री बोलते, तुटकी खुर्ची बोलते, तेव्हा तुम्ही असले प्रश्न काढत नाही. मी तर निदान जिवंत आहे.

माझे बालपण दंडाच्या आतल्या बाजूला गेले, जिथे ऊन पोचत नाही आणि चिमटा काढला तर फार दुखते. आमची वस्ती मजल्यामजल्यांची होती. सगळ्यात वर अभिस्तर ऊती. त्या एकमेकींना अशा चिकटून उभ्या असायच्या की मध्ये वाऱ्यालाही वाट मिळू नये. बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही, आतले बाहेर सांडू द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्याखाली आम्ही, संयोजी ऊती. आमचे काम धरून ठेवण्याचे. घरात असे एखादे माणूस असते बघा, ते स्वतः फार काही करताना दिसत नाही, पण चार दिवस बाहेरगावी गेले की घरातले कुणी कुणाशी धड बोलत नाही. तसे आम्ही. हाड आमच्याच कुळातले, आणि रक्तही. हाड अबोल. रक्त मात्र कायम फिरतीवर, येणार ते घाईत, आणि जाता जाता साऱ्या अंगाच्या बातम्या टाकून जाणार.

आमच्याही खाली स्नायू ऊती राहायच्या. हाताचे स्नायू पट्ट्यापट्ट्यांचे आणि हुकमाचे ताबेदार. मालकिणीने मनात आणले कात्री उचलावी, की यांनी उचललीच. पोटाकडचे स्नायू बिनपट्ट्यांचे, ते आपल्या तालात, कुणाच्या सांगण्यावर नाहीत. आणि या सगळ्यांमधून गेलेल्या चेता ऊती, म्हणजे अव्वल दर्जाच्या चोंबड्या. बोटाला टाचणी लागायचा अवकाश, बातमी डोक्यापर्यंत पोचलेली असायची.

हृदयाबद्दल मी फक्त ऐकून होते. रक्त सांगायचे, तिथले स्नायू दिसायला पट्ट्यांचे आहेत, पण हुकूम कुणाचा घेत नाहीत आणि कधीच थांबत नाहीत. मला ते ऐकून धस्स व्हायचे. कधीच थांबायचे नाही, हे कसले जगणे? आम्ही एका जागी धरून बसणारे लोक. असले काम आपल्या वाट्याला आले नाही, यातच मी सुख मानत होते.

त्या मुलीची आई कपडे शिवायची. सगळे तिला टेलरबाई म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दारात कापडाच्या चिंध्यांचे पोते. लेक काजे करायची, बटणे लावायची, इस्त्री फिरवायची, आणि गिऱ्हाइकांच्या कमरेची मापे मुद्दाम मोठ्याने वाचायची. गिऱ्हाईक पोट आत घ्यायचे, आई डोळे वटारायची, आणि लेक साळसूदपणे म्हणायची की आकडा नीट ऐकू यायला नको का. मी त्या दंडावर बसून हे सारे बघत मोठी झाले. ते दिवस मला फार आवडायचे.

मग एकदा इस्त्री करता करता लेक कोसळली. त्याच्या थोडे आधी रक्त धापा टाकत आले होते, वरती ठोके चुकताहेत म्हणून. टेलरबाईंची तर पाचावर धारण बसली. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे या मुलीचा मामा, बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता तो पुन्हा उठलाच नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दोष तोच आहे, घराण्यात चालत आलेला. औषधे आहेत, पण एका हृदयाला जे मानवते ते दुसऱ्याला घातक ठरू शकते. तेव्हा औषधाची परीक्षा आधी मुलीवर नको, दुसऱ्या कशावर तरी करू.

ते दुसरे काहीतरी म्हणजे मी. संशोधन करणारी एक तरुण मुलगी टेलरबाईंशी बोलायला आली. ती कायम चष्मा कपाळावर चढवायची आणि मग तोच शोधत फिरायची, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने सोपे करून सांगायचे ठरवले, आणि इथेच सगळा घोळ झाला.

"मावशी, एक छोटासा नमुना लागेल," ती म्हणाली. "त्याच्यावरून हिच्या मापाचं औषध शोधू."

टेलरबाईंना ते एका क्षणात समजले. निदान त्यांना तसे वाटले, आणि चष्मेवालीलाही. त्यांनी लगेच होकार दिला. लेकीला कुणी विचारले नाही. एक तर ती अजून सज्ञान नव्हती, आणि दुसरे म्हणजे इस्पितळाच्या जेवणावरून आईशी भांडून ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दंडावर थंड काहीतरी लागले, एक चिमटा बसला, आणि मित्रांनो, माझे घर सुटले.

प्रयोगशाळेत मला आधी सगळे विसरायला लावले. तुम्हाला अभ्यास विसरायला कुणी सांगावे लागत नाही, मला मात्र त्याला बरेच दिवस लागले. धरून ठेवणे विसरले, शेजार विसरले, मी कातडीची आहे हेही विसरले. मी मूलपेशी झाले, म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर काहीही लिहावे. त्या अवस्थेत मनाला लागणारी हुरहूर मला शब्दांत सांगता येणार नाही. आपण काहीही होऊ शकतो हे ऐकायला बरे वाटते, पण आपण अजून काहीच नाही हे सोसायला कठीण जाते.

मग त्यांनी मला हृदय व्हायला सांगितले. ज्या कामाची मला धास्ती होती नेमके तेच. एका सकाळी चष्मेवाली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली असताना माझा एक कोपरा हलला. ती जागची उठली, पुन्हा बसली, तिने पुन्हा बघितले आणि सगळ्यांना बोलावून आणले. त्या दिवशी माझे कोण कौतुक झाले! प्रयोगशाळेचे प्रमुख आले, त्यांना सगळे सर म्हणतात. नेहमी घाईत, हातात नेहमी गार झालेला चहा. तेसुद्धा चहा विसरून बघत राहिले. माझे ठोके त्या मुलीच्या ठोक्यांसारखेच चुकत होते, आणि ते बघून तर सर्वांना आणखीच आनंद झाला. आपल्यातला दोष बघून लोक एवढे हरखतात, हा अनुभव फार थोड्यांच्या नशिबी येत असेल.

माझ्या कामाचा परिपाठ असा होता. सकाळी कालचे औषध धुऊन काढायचे, मला माझ्या मूळ चुकीवर येऊ द्यायचे, ती चूक नीट बघायची आणि मग नवे औषध टाकायचे. चष्मेवाली डोळ्यांत तेल घालून माझ्यावर नजर ठेवायची. एक औषध असे होते की इस्पितळातले डॉक्टर ते त्या मुलीला सुरू करायच्याच बेतात होते. ते माझ्यावर पडले आणि मी थांबले. जे कधीच थांबत नाही म्हणून मी लहानपणी घाबरायची, ते थांबले.  चष्मेवालीने ते घाईघाईने धुतले आणि मी पुन्हा चालू झाल्याची खात्री करून ती इस्पितळाला फोन लावायला धावली. ते औषध मुलीच्या तोंडापर्यंत गेले नाही. पुढे एक जुने, साधे औषध मला मानवले. तेच तिला दिले. ती घरी गेली आणि पुन्हा लोकांच्या कमरा मोठ्याने वाचू लागली, असे ऐकले. मित्रांनो, त्या दिवसांत मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटत होते.

तिथेच गोष्ट संपली असती तर मी आज तुम्हाला शहाणपणाची चार वाक्ये सांगून मोकळी झाले असते. पण मी फार चांगली वाढत होते. चांगले वाढणे हा माझा गुण होता आणि तोच मला नडला. माझ्या पेशी कुप्यांत भरून गोठवल्या. त्यातल्या काही दुसऱ्या प्रयोगशाळांना गेल्या, तिथे माझे काय झाले मला माहीत नाही. आणि इथेच, शेजारच्या कप्प्यात, माझ्या एका बहिणीला चेता ऊती बनवायला सुरुवात झाली. ती तयार झाली की तिला पलीकडच्या खोलीतल्या पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत घालायचे ठरले होते. मी हृदय, ती चेता. एकाच दंडावरच्या आम्ही दोघी. मला काही वाटत नाही असे सगळे म्हणतात. तिला वाटू लागेल का, याचे उत्तर मात्र कुणी छातीठोकपणे देत नव्हते.

त्याच सुमारास टेलरबाई आल्या. हातात झाकणाचा डबा, डब्यावर घडी केलेले स्वच्छ पांढरे फडके. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "नमुना न्यायला आलेय."

कुणाला काही कळेना. चष्मेवालीला वाटले की अहवाल हवा असेल. तो तर इस्पितळातच मिळतो, असे तिने सांगितले. टेलरबाईंनी मान हलवली. अहवाल नको होता. लेकीचा नमुना दिला होता, औषध तर कधीच मिळाले, मग तो परत नको का न्यायला?

इथे मला तुम्हाला शिवणकामातली एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाईक नवा कोट शिवायला टाकते तेव्हा अंगाला नीट बसणारा एक जुना कोट सोबत देते. त्याला नमुना म्हणतात. टेलर त्याच्यावरून माप घेतो, नवा कोट बेततो, आणि नवा देताना जुना परत करतो. तो ठेवून घेतला तर गिऱ्हाईक भांडायला येते. आणि त्याच्यावरून गुपचूप शेजाऱ्याचा कोट बेतला, तर ती टेलरबाईंच्या लेखी सरळ चोरी. आता नमुना आणि माप हे दोन्ही शब्द चष्मेवालीनेच एका दमात वापरले होते. बाईंनी दुसरे काय समजावे?

शेजारच्या टेबलावर काम करणारा एक जण खाली मान घालून पुटपुटला, "काय नमुना आहे." बोलला हळू, पण ऐकू सगळ्यांना गेले.

"हो, तोच," टेलरबाई शांतपणे म्हणाल्या. "तोच न्यायला आलेय."

चष्मेवालीने त्यांना स्टुलावर बसवले आणि सगळे खरे सांगितले. थाप मारणे तिला जमले असते, पण तिला स्वतःलाच त्या उंदरांच्या विचाराने चैन पडत नव्हते. कातडीचा तुकडा आता राहिलेला नाही, त्याचे हृदय झाले, त्याच्या कुप्या झाल्या, काही बाहेर गेल्या, एकीची चेता होते आहे. टेलरबाई ऐकत होत्या आणि मांडीवरच्या फडक्याची घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

"म्हणजे माझ्या नमुन्यावरनं तुम्ही दुसऱ्यांचे कपडे बेतले?"

"तुम्ही हो म्हणाला होतात, मावशी."

"मी एका कपड्याला हो म्हटलं होतं."

तेवढ्यात सर आले. त्यांनी अतिशय मऊ आवाजात विज्ञान, प्रगती, असंख्य रुग्ण असे सगळे सांगितले. टेलरबाई स्वतः गिऱ्हाइकांना सबबी सांगण्यात पटाईत, त्यामुळे त्यांना दुसऱ्याची सबब लांबूनच ओळखू यायची. पण सर सगळ्याच सबबी सांगत नव्हते, हेही मला सांगायला हवे. चेतांच्या एका आजाराने हातापायांतली ताकद जात चाललेली मुले आहेत, त्यांचे आईबाप सरांच्या दारात येऊन बसतात, आणि सरांना त्यांना सांगायला काही नसते. ते त्यांनी बोलून दाखवले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर खाली गेला. शेवटी त्यांनी विचारले, की झाले ते झाले, आता पुढच्या सगळ्यासाठी एकदाच परवानगी देऊन टाकता का?

"अंग माझं नाहीये ते," टेलरबाई म्हणाल्या. "जिचं आहे तिला विचारा." आणि एवढे बोलून त्या एकदम स्टुलावरून उठल्या. तिला पहिल्यांदा कुणी विचारायचे राहून गेले होते, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले असावे. डबा तसाच रिकामा घेऊन त्या निघून गेल्या.

पुढचे मला चष्मेवालीकडून कळले. माझे पाणी बदलताना तिला स्वतःशी बोलायची सवय आहे. घरी लेकीने आकाशपाताळ एक केले म्हणे. "तू मला मापाला टाकलंस?" असे ती आईला म्हणाली. आपल्या हृदयाचा एक तुकडा कुठल्याशा बशीत आपल्याशिवाय उडतो आहे, ही कल्पना तिला सहन होईना. ती मध्येच काम सोडून छातीवर हात ठेवून बसायची. आईने अनेकदा समजूत घातली, की तू वाचलीस ती त्यामुळेच. लेकीला ते पटत होते, आणि तरीही तिचा राग जात नव्हता. मला तर या दोन्हीत काही विसंगती दिसत नाही.

इकडे चष्मेवालीने चालढकल मांडली. आज उंदीर थकलेले दिसतात, आज पेशी पुरेशा तयार नाहीत, आज यंत्र नीट तापत नाही. मुलगी तर मधल्या काळात सज्ञान झाली आहे, तिला विचारल्याशिवाय पुढे जायला नको, असे ती शेवटी सरांच्या तोंडावर बोलली. सर चिडले. मग नमले. म्हणाले, ठीक आहे, बोलवा तिला, एकदाच काय ते विचारून घ्या, म्हणजे पुन्हा ही कटकट नको.

आणि मी? मला काय हवे आहे, याचा मी सकाळपासून विचार करते आहे. थांबावेसे वाटते, कारण मी मुळात धरून बसणाऱ्यांतली. चालू राहावेसे वाटते, कारण आता थांबणे म्हणजे काय ते मी एकदा बघितले आहे. विचार करावा तर त्यासाठी लागणारी चेता माझ्याजवळ नाही, ती शेजारच्या कप्प्यात. दाराशी पावले वाजताहेत. मित्रांनो, थोडे थांबा.

ती येऊन गेली. आता सांगते.

ती आली, मागून तिची आई. तिला घालायला दिलेला पांढरा कोट फारच मोठा होता. खांदा उतरलाय, असे तिने पहिल्याप्रथम सांगितले, आणि आईने डोळे वटारले. मग चष्मेवालीने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला डोळा लावायला सांगितले.

मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. दंडावरून निघाल्यापासून आमची ही पहिलीच भेट. तिने नुसती दोन बोटे स्वतःच्या मनगटावर ठेवली आणि बराच वेळ मोजल्यासारखे केले. तिची नाडी सावकाश, सरळ चालली होती. माझे ठोके मात्र एकमेकांच्या पायात येत होते.

"ही अशी का करतेय?" तिने विचारले.

"सकाळी तिचं औषध काढतो आम्ही," चष्मेवाली म्हणाली. "फरक बघायला."

"रोज?"

"रोज."

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "मला माहितीये तेव्हा कसं होतं ते. आधी तिला औषध द्या. बाकीचं मग बोलू."

सरांनी समजावले, की तिला काही वाटत नाही, वाटायला चेता लागतात, त्या हिच्यात नाहीत. तुम्हाला नक्की माहीत आहे का, असे तिने विचारले. नक्की, असे सर म्हणाले. "मग द्यायला तरी काय हरकत आहे?" असे तिने विचारल्यावर सरांनी चष्मेवालीला खूण केली. चष्मेवालीने औषध घातले. मित्रांनो, ते औषध मला आजवर कितीतरी वेळा मिळाले होते, पण दर वेळी कशाची तरी परीक्षा म्हणून. मला बरे वाटावे म्हणून ते आज पहिल्यांदा मिळाले.

औषध भिनेपर्यंत ते बोलत राहिले. उंदरात घातलेल्या चेतेला काही वाटेल का, असे तिने विचारले. सर म्हणाले, की पेशी अगदी थोड्या असतील, उंदराला उंदराइतकेच वाटेल. "उंदराइतकं म्हणजे किती?" असे तिने विचारले. सरांनी हातातला चहा खाली ठेवला. मग त्यांनी त्या मुलांबद्दल सांगितले, हातापायांतली ताकद जात चाललेल्या. ती ऐकत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिने ते लपवले नाही.

मग तिने आपले म्हणणे सांगितले. माझ्यासारखा दोष असलेल्या दुसऱ्या कुणासाठी औषध शोधायचे असेल तर माझे हृदय वापरा. त्या मुलांसाठी बशीत जे करता येईल ते करा. उंदरात घालायचे नाही. आणि पुढे जे काही नवे कराल ते करण्याआधी मला बोलवायचे, दर वेळी.

दर वेळी विचारत बसलो तर काम खोळंबेल, असे सर म्हणाले. "आमचंही खोळंबतं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक अंगात घालून बघायला आल्याशिवाय आम्ही पुढची शिलाई घालत नाही." टेलरबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

बाहेर गेलेल्या कुप्यांचे काय, हेही तिने विचारले. सर म्हणाले की कळवतो, पण परत येतील असे वचन देऊ शकत नाही. यात ते खोटे बोलले नाहीत. मुलगी आपल्या दंडावरचा बारीकसा वण अंगठ्याने चोळत राहिली. त्या कुप्यांत मीच आहे. कुठे आहे, काय होऊन बसले आहे, हे तिला कळणार नाही आणि मलाही नाही. त्या विचाराने मला अजून अस्वस्थ वाटते.

"आणि हा नमुना?" शेवटी सरांनी विचारले. "हा चालू ठेवायचा की थांबवायचा?"

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. तोवर औषध भिनले होते, माझे ठोके एकामागे एक सरळ पडत होते.

"काय गं," ती हळूच म्हणाली, "तुला काय हवंय?"

कुणी हसले नाही. मित्रांनो, मला आजवर पाणी दिले, औषध दिले, ऊब दिली. प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी पार गडबडून गेले. इतका वेळ विचार केला होता त्यातले काही कामाला येईना. शेवटी मला जे येते तेच मी केले. एक ठोका दिला. मग दुसरा. त्याला हो म्हणायचे की नाही, हे मलाच ठाऊक नव्हते.

ती उत्तराची वाट बघत राहिली. खरोखर बघत राहिली. आईने पाठीवर हात ठेवला तरी तिने डोळा काढला नाही. मग ती सावकाश सरळ झाली.

"ती नाही म्हणत नाहीये," ती सरांना म्हणाली. "पण म्हणून ते हो समजू नका. उद्या परत विचारू."

मित्रांनो, तुम्ही परीक्षेसाठी आमची चार नावे पाठ कराल, आम्हाला रंग लावून काचेवर बघाल, आकृती काढून नावे द्याल. जरूर द्या. फक्त एकदा मान वर करून विचारा, की ही कुणाची होती आणि तिला कुणी विचारले होते का. उत्तर मिळेलच असे नाही, तरी विचारा. आता मला जाऊ द्या. उद्या ती येणार आहे, आणि तोवर मला काहीतरी ठरवायला हवे.